एष्टु बंतु? म्हणजे, किती आलं?

आम्हाला पळायला शिकवणारे सर धारवाडकडचे, कन्नड, आणि मी बेळगावजवळच्या एका मराठी गावातली, त्यामुळे ग्राउंडवर आमची बोली अर्धी त्यांची अर्धी माझी अशी चालते, पण एक प्रश्न ते कायम कन्नडमध्येच विचारतात. मी लाइन क्रॉस करून गुडघ्यावर हात टेकून वाकलेली असते, छाती भात्यासारखी चालू असते, आणि सर म्हणतात, "एष्टु बंतु?" किती आलं? घड्याळ त्यांच्याच हातात असतं बरं का, पण आधी मी माझा अंदाज सांगायचा आणि मग ते खरं टायमिंग सांगणार असा त्यांचा नियम आहे. पहिल्या वर्षी माझा अंदाज चार-चार पाच-पाच सेकंदांनी चुकायचा. आज मस्त पळाले असं वाटलं की टायमिंग खराब, आणि पाय दगड झालेत, आज काही खरं नाही असं वाटलं की नेमकं त्या दिवशी चांगलं. माझ्याच अंगातलं मला कळत नव्हतं. आता दुसरं वर्ष संपत आलंय आणि अंदाज एका सेकंदाच्या आत येतो, पण त्या प्रश्नाची सवय अशी लागलीय की ग्राउंडच्या बाहेर पण कुणी काही छातीठोक सांगायला लागलं की माझ्या डोक्यात पहिलं तेच येतं, एष्टु बंतु? कुणी मोजलं?

मी बीए करते, इतिहास घेऊन, आणि ८०० मीटर पळते. सकाळी गावातून पहिली बस पकडून बेळगावच्या टिळकवाडीत यायचं, प्रॅक्टिस, मग कॉलेज, मग पुन्हा बस. ही बस मला फुकट आहे, २०२३ च्या जूनमध्ये कर्नाटकची शक्ती योजना, म्हणजे बायकांना सरकारी बस फुकट, सुरू झाली तेव्हापासून. आधार दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. ज्यांना रोज जावं लागत नाही त्यांना हे छोटं वाटेल, पण रोजचं जाणं-येणं धरून महिन्याला जो खर्च व्हायचा तो आमच्या घरात मोठा होता आणि बाबा एकदा स्पष्ट म्हणाले होते की आठवड्यातून तीनच दिवस जा. तीन दिवसांच्या प्रॅक्टिसवर ८०० होत नाही. माझी मावशी चंदगडला दिलीय, ती पलीकडून येते तेव्हा महाराष्ट्राच्या एसटीत तिला अर्ध तिकीट. सख्ख्या बहिणी दोघी, आईला या बाजूला फुकट आणि मावशीला त्या बाजूला निम्मं, दोघी बसून याच्यावर गप्पा मारतात आणि आमच्याकडं सीमा म्हणजे रोजच्या व्यवहारात हे असं असतं.

तर लाँग रन असेल त्या दिवशी आम्ही व्हॅक्सिन डेपोवर पळतो. बेळगावात कुणालाही विचारा, व्हॅक्सिन डेपो म्हणजे झाडं, पहाटेचे चालणारे लोक, क्रिकेटची पोरं. मी पण एक वर्षभर तिथं पळत होते आणि हे नाव कुठून आलं असेल असा विचार एकदाही केला नव्हता. मग इतिहासाच्या एका असाइनमेंटसाठी गावातल्या ब्रिटिशकालीन जागा शोधायच्या होत्या तेव्हा कळलं की इथं देवीच्या रोगाची लस बनवायचे. पूर्वी ही लस जनावरांच्या कातडीवर वाढवून काढायचे, वासराच्या अंगावर ओरखडे काढून त्यात ती लावायची आणि काही दिवसांनी फोडातला द्रव गोळा करायचा. मी जिथं वॉर्मअप करते तिथं.

त्या दिवशी घरी येऊन आज्जीला सांगितलं. माझ्या आज्जीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण आहेत, गालावर आणि नाकाच्या शेंड्यावर. लहानपणापासून ते बघून बघून मला ते व्रण वाटतच नाहीत, आज्जीचा चेहराच तसा. ती म्हणाली, "आमच्या घरात आई आली हुती गं, मला सोडून गेली आणि माझ्या धाकट्या भावाला घेऊन गेली." आई आली म्हणजे देवीचा रोग झाला, देवीच अंगात उतरली असं मानायचे. तेव्हा घरात फोडणी घालायची नाही, चपला घालून आत यायचं नाही, कडुलिंबाचा पाला दाराला आणि अंथरुणावर, कारण आई घरात बसलीय, तिला राग यायला नको. आणि हीच आज्जी पुढं स्वतःच्या चारी पोरांना घेऊन टोचायला गेली होती, सासू नको म्हणत असताना. मी विचारलं, तुला भीती नाही वाटली? तर म्हणाली, "भावाला बघितलं हुतं की मी." एवढंच. भारतातला शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९८० ला जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं की देवी जगातून गेली. माझ्या पिढीत कुणाच्या दंडावर देवीच्या लसीची खूण नाही आणि आम्हाला त्याचं काही वाटतही नाही. आज्जी अजून सौंदत्तीच्या यल्लम्माला जाते, भंडारा आणते, माझ्या कपाळाला लावते. तिच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण नाही. मला आधी वाटायचं की असायला पाहिजे, आता तसं वाटत नाही.

का वाटत नाही ते सांगते. गेल्या पावसाळ्यात माझं टायमिंग उतरायला लागलं. २ मिनिटं २१ वरून २६, मग २९, आणि दुसऱ्या लॅपला छातीत श्वासच मावायचा नाही. जिना चढला तरी धाप. आईनं मीठ-मोहरी-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या, मिरचीचा ठसका आला नाही म्हणजे दृष्ट लागलीय हे पक्कं झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, पेपरात फोटो आला ना, तेव्हाच लागली. दर शनिवारी दाराला नवीन लिंबू-मिरची. मी पण तेव्हा मानलं, खोटं का सांगू, टायमिंग पडायला लागलं की माणूस काहीही मानतो. सरांनी मात्र एक प्रश्न विचारला, रक्त कधी तपासलंस? कधीच नाही. तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. डॉक्टरबाईंनी विचारलं, पाळी किती दिवस जाते, जेवण काय, चहा कधी पितेस. चहा आमच्याकडं जेवणाबरोबर, भाकरी संपली की लगेच कप. त्या म्हणाल्या चहानं जेवणातलं लोह अंगाला लागत नाही, दोन तास अंतर ठेव, गोळ्या घे, आणि पालेभाजीवर, कडधान्यावर लिंबू पिळून खा, त्यानं लोह चांगलं शोषलं जातं.

लिंबू! घरी आल्यावर मी दाराकडं बघत उभी राहिले. दर शनिवारी जे लिंबू आम्ही तारेत ओवून टांगत होतो ते माझ्या ताटात यायला पाहिजे होतं. आईला सांगितलं तर ती गप्प झाली, मग म्हणाली, "दोन आणते आता, एक दाराला एक तुला." आणि तसंच चालू आहे. मी तिच्याशी दाराच्या लिंबावरून भांडले नाही. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं आणि टायमिंग परत आलं.

पण एका गोष्टीवर मी भांडले, अजून भांडते. आमच्यात एक आत्या आहेत, मायाळू आहेत, लहानपणी माझं सगळं त्यांनी केलंय, पण बारावीपासून त्यांचं एकच चालू की पोरीच्या जातीनं एवढं पळू नये, पिशवी खाली सरकते, पुढं पोरं होत नाहीत. माझ्याबरोबरच्या तीन मुलींनी हे ऐकून पळणं सोडलं. तीन. त्यातली एक माझ्यापेक्षा जोरात पळायची, शाळेत असताना ती पुढं आणि मी मागं असायचे, आता तिचं लग्न झालंय आणि भेटली की म्हणते, तू पळ गं, माझ्या वाटणीचं पण पळ. मला त्यावर काय बोलावं कळत नाही.

ही समजूत फक्त आमच्या गावची असेल असं मला वाटायचं. नाही! १९२८ ला ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ॲथलेटिक्समध्ये घेतलं आणि त्यात ८०० मीटर होती, माझीच रेस. जर्मनीची लिना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदात पहिली आली, वर्ल्ड रेकॉर्ड. जपानची किनुए हितोमी दुसरी. शेवटी काही जणी दमून गवतावर आडव्या झाल्या, जे ८०० पळून झाल्यावर कुणीही होतं, पुरुष पण होतात, मी तर रोज होते. तर एका अमेरिकन पत्रकारानं लिहिलं की अकरा बिचाऱ्या बायका धावल्या, पाच जणींनी मध्येच सोडली आणि पाच जणी लाइनवर कोसळल्या. प्रत्यक्षात फायनलला नऊ जणी होत्या आणि नऊच्या नऊ जणींनी रेस पूर्ण केली. निकालाच्या यादीत आहे, फिल्ममध्ये दिसतं. पण बायकांना हे झेपत नाही असं ठरलं आणि बायकांची ८०० मीटर ऑलिंपिकमधून काढून टाकली, ती परत आली १९६० ला रोममध्ये. ३२ वर्षं! बायकांची मॅरेथॉन तर १९८४ ला आली. म्हणजे युरोपातले सुटाबुटातले शिकलेले लोक आणि आमच्या आत्या एकच बोलत होते, फरक एवढाच की आत्यांच्या हातात ऑलिंपिक नव्हतं.

हे सगळं मी आत्यांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या बायकांना पोरं झाली काय?" ललिता बाबर साताऱ्याकडची, २०१६ ला रिओमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला गेली, तिचं आणि अजून काही बायकांची नावं सांगितली, पण आत्यांना पटायला वेळ लागेल. मी वही ठेवलीय. सरांकडच्या एका सिनिअर अक्कानं सांगितलं होतं की पाळीचा दिवस आणि टायमिंग शेजारी शेजारी लिहीत जा. दीड वर्षाचं आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी मला पळवत नाही हे खरं आहे, तिथं आत्या बरोबर आहेत. पण माझं सगळ्यात चांगलं टायमिंग, २ मिनिटं १८.९, हे तिसऱ्या दिवसाचं आहे. आणि त्या दिवशी आज्जीचा भंडारा लावायचा पण राहिला होता, हे मात्र मी आज्जीला सांगितलेलं नाही आणि सांगणार पण नाही. भंडाऱ्यानं कुणाचं पळणं थांबत नाही. जी समजूत कुणाला तरी घरात बसवते तिला मी विचारणार, एष्टु बंतु, मोजून दाखवा. बाकीच्या राहू देत.

नंदगडला गेला असाल तर तो वड बघितला असेल. संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांनी नंदगडला फाशी दिलं, तिथं तो वड आहे आणि त्याला लोक छोटे छोटे पाळणे बांधतात, मूल व्हावं म्हणून, रायण्णासारखं शूर व्हावं म्हणून. खानापूर तालुक्यातल्या एका क्रॉसकंट्रीला गेलो होतो तेव्हा सर आम्हाला घेऊन गेले. बांधणाऱ्यात कन्नड बायका पण होत्या, मराठी पण. कित्तूरच्या चन्नम्माराणीनं १८२४ ला इंग्रजांना हरवलं त्या लढाईतला हा माणूस, इतिहासाच्या पुस्तकात अर्ध्या पानावर संपतो आणि इथं दोनशे वर्षं होत आली तरी त्याच्याकडं लोक मूल मागतायत. मी तिथं कुणाला काही विचारलं नाही. हात जोडले.

आता फडेप्पा चौगुले. हे नाव माझ्या वयाच्या बेळगावच्या दहा पोरांना विचारा, दोघांना माहीत असेल तर नशीब. १९२० ला अँटवर्प ऑलिंपिकला भारताकडून मॅरेथॉन पळलेला हा माणूस बेळगावचा. दोराबजी टाटांनी पुण्याला धावण्याच्या शर्यती बघितल्या, पोरं अनवाणी पळत होती, आणि आपली टीम ऑलिंपिकला पाठवायची असं त्यांनी ठरवलं. तेव्हा मॅरेथॉनचं अंतर अजून पक्कं झालेलं नव्हतं, अँटवर्पची तर ४२.७५ किलोमीटर होती, आत्तापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त. फडेप्पा चौगुले १९ वे आले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. शंभर वर्षांपूर्वी, बेळगावचा माणूस, बेल्जियमच्या रस्त्यावर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. वर्गात सांगितलं तर पहिला प्रश्न काय आला माहितेय? ते कन्नड की मराठी? मागच्या बाकावर लगेच सुरू झालं. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, कर्नाटक राज्य नव्हतं, महाराष्ट्र राज्य नव्हतं, आणि त्यांच्या छातीवर भारत होता. किती वेळात पळले हे कुणीच विचारलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणजे मला भाषेचं काही नाही असं समजू नका. मला आहे. बाबांना कन्नड वाचता येत नाही आणि शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो, एका ऑफिसात ते तासभर कागद हातात धरून उभे होते आणि कुणी वाचून दाखवलं नाही, शेवटी मी कॉलेजमधून गेले आणि वाचला. स्वतःच्या जमिनीचा कागद माणसाला वाचता येऊ नये हे चूक आहे, कितीही वेळा विचारा मी हेच सांगणार. लहानपणी बाबा मला १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला घेऊन जायचे, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गेलेल्यांचं ते स्मारक. १ नोव्हेंबरला आमच्याकडं काळा दिन पाळतात आणि त्याच दिवशी शहरात कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे. महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात सीमेचा खटला घातला २००४ ला. माझा जन्म २००५ चा. खटला माझ्यापेक्षा एक वर्षानं मोठा आहे आणि आम्ही दोघंही वाढतोच आहोत.

पण मला राज्याच्या टीमचा ट्रॅकसूट मिळाला, पाठीवर कर्नाटक लिहिलेलं, तेव्हा तो घालून गावच्या बसमधून उतरताना पाठ भिंतीकडं करून चालले हे पण खरं आहे. पारावर बसलेले एक काका म्हणाले, काय गं, त्यांच्यासाठी पळतीस? मी म्हटलं, काका, पळते मीच. त्यांनी नंतर घरी दोन किलो रताळी पाठवली, आमच्या लाल मातीतली, सर म्हणतात रेसच्या आदल्या दिवशी रताळ्यासारखं काही नाही. तर असे लोक आहेत आमचे.

२०२५ च्या फेब्रुवारीत बसमध्ये भाषेवरून भांडण झालं, कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या बस काही दिवस थांबल्या. त्या दिवशी माझ्या फोनवर घरच्यांच्या ग्रुपवर एक गोष्ट येत होती आणि ॲथलिट लोकांच्या ग्रुपवर बरोबर उलटी. प्रत्येकजण असं सांगत होता जसं काय त्याच सीटवर बसला होता. मी दोन्ही ग्रुपवर एकच लिहिलं, हे तुमच्यापैकी कुणी बघितलं? दोन्हीकडं कुणीच नाही. दोन्हीकडून मला शिव्या मात्र मिळाल्या, त्या सारख्याच होत्या. त्याच आठवड्यात मावशीकडं हळद होती, आम्ही सीमेवरच्या बाचीपर्यंत इकडच्या गाडीनं गेलो आणि तिथून पलीकडच्या शिनोळीपर्यंत चालत, आई, मी, आज्जी, डोक्यावर बुट्टी. मारहाण झालेला कंडक्टर पण रोज सकाळी कुणाला तरी शून्य रुपयांचं तिकीट देणाराच असणार, माझ्यासारख्या कुणालातरी, हे मला चालताना सारखं आठवत होतं. आणि सोमवारी ग्राउंडवर गेले तर सर नेहमीसारखेच, शेवटच्या शंभर मीटरला ओरडतायत, "निल्लबेड, ओडु!" थांबू नकोस, पळ. मी पळाले.

लिना राडकेचं टायमिंग २.१६.८. माझं २.१८.९. तिचा ट्रॅक कोळशाच्या चुऱ्याचा होता आणि शूज त्या काळातले. मला ते २.१ सेकंद या सीझनमध्ये काढायचे आहेत, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

गेल्या रविवारी आज्जी म्हणाली, मला दाखव तू कुठं पळतीस. पहिल्या बसनं आणलं. सर आले, तिला खुर्ची दिली, दोघांना एकमेकांची भाषा निम्मी कळते. मी पाच फेऱ्या मारून आले तोवर ती खुर्चीत नव्हती. डेपोच्या जुन्या इमारतीच्या बाजूला उभी होती, चपला काढून एका बाजूला ठेवलेल्या. मला बघून विचारलं, "हितंच करत हुते काय गं ती सुई?" मी म्हटलं, होय आज्जी. तिनं खाली वाकून माती कपाळाला लावली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "पळ तू अजून. मी बसतो हितं."